व्याहीबुवा आणि नावाड्याची लेक

वाट विचारणाऱ्याला वाट न सांगता सरळ त्याच्यासोबत चालायला लागणारा माणूस अख्ख्या विदर्भात आता एकच उरला आहे, आणि तो माझा व्याही आहे. हे मी अभिमानानं सांगतो आहे की तक्रार म्हणून, ते माझं मलाही अजून ठरलेलं नाही. मुलांचं लग्न जमल्यावर आम्ही दोघं नवरदेवाचे बूट घ्यायला नागपूरला बर्डीच्या बाजारात गेलो होतो. दुकानाच्या पायरीवर एका अनोळखी गृहस्थानं व्याहीबुवांना एका दवाखान्याचा पत्ता विचारला. "या माझ्यासंगं," म्हणून ते जे गेले, ते दुकानदार शटर ओढायला लागला तेव्हा परतले. तोवर नवरदेवाच्या मापाच्या बुटांत स्वतःचे पाय कोंबून मी दुकानात ताटकळत बसलो होतो. आल्या आल्या बुटांकडे न बघता त्यांनी मला बातमी दिली, "पित्ताशयात खडा आहे त्याच्या. पण ऑपरेशनची घाई नाही म्हणते डॉक्टर." म्हणजे सोनोग्राफी होईस्तोवर हे थांबले होते! मी काही बोलण्याआधीच त्यांनी खुलासा केला, "एकटाच होता जी तो." मी मुकाट्यानं बुटांचे पैसे दिले.

त्यांचं मूळ घर उमरेडचं. घराणं हातमागावर विणणाऱ्यांचं, आजोबा-वडील सगळे मागावर बसलेले. हे मात्र मागावर टिकले नाहीत. "एका जागी बसून दिवसभर हातपाय हलवायचे अन् जायचं कुठंच नाही, हे मले जमलं नाही जी," असं ते सांगतात. मग ते सरकारी लाल गाडीवर कंडक्टर झाले आणि उमरेड-नागपूर रस्त्यावर त्यांनी उभं आयुष्य काढलं. उभं म्हणजे खरोखरच उभं. आजही भरल्या घरात ते खुर्चीवर बसत नाहीत, दाराजवळ एक हात चौकटीला लावून उभे राहतात आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला "मागं सरका, मागं जागा आहे" सांगतात. मुलांच्या लग्नात त्यांनी मंगल कार्यालयाच्या दारात उभं राहून माझ्या मोठ्या साडूंना इतकं मागं सरकवलं, की ते शेवटी भटारखान्यात निघाले आणि तिथेच जेवले. बोलणं संपवायची त्यांची पद्धतही गाडीवरचीच. हाताशी जे असेल त्यावर दोन टिचक्या मारायच्या. एक म्हणजे थांबा, दोन म्हणजे निघा. लग्नात मंगलाष्टकं जरा लांबली, तेव्हा त्यांनी सवयीनं हातातल्या पितळी तांब्यावर दोन टिचक्या मारल्या. बॅन्डवाला तिकडेच कान लावून होता. तो सुटला, अक्षता उडाल्या, अंतरपाट धरणारे गोंधळून बाजूला झाले आणि माझ्या मुलीचं लग्न मुहूर्ताच्या किंचित आधी लागलं. भटजी आजही मला रस्त्यात दिसले की नजर चुकवतात.

अशा माणसाचा पाय मोडावा, आणि तोही चालत्या गाडीतून उतरताना मोडावा, यावर उमरेडात कुणाचा विश्वास बसला नाही. आयुष्यभर ज्यांनी "गाडी थांबल्याशिवाय उतरू नका" म्हणून लोकांच्या मानगुटी धरल्या, ते स्वतः दिघोरीच्या चौकात उडी मारून उतरले. कारण विचारलं तर म्हणाले, "एक माणूस हातात चिठ्ठी घेऊन इकडंतिकडं पाहून राहिला होता." त्या माणसानंच पुढे त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. त्याला कुठे जायचं होतं, ते शेवटपर्यंत कळलं नाही आणि व्याहीबुवांना पायापेक्षा त्याचीच जास्त हळहळ होती. मांडीपर्यंत प्लास्टर चढलं. उन्हाळा तापला होता, डॉक्टरांना दाखवायला नागपूर सोयीचं, म्हणून विहीणबाई त्यांना घेऊन मानेवाड्याला मुलाच्या, म्हणजे माझ्या मुलीच्या, फ्लॅटवर येऊन राहिल्या.

मी टरबूज घेऊन रीतसर भेटायला गेलो. आजारी व्याह्याला भेटायला जाणं हे एक अवघड काम असतं. फार वेळ बसलं तर मुलीच्या घरी ठिय्या दिला म्हणतात, लवकर उठलं तर तोंडदेखला आला म्हणतात. व्याहीबुवा दिवाणावर पाय लांब करून बसले होते आणि पिंजऱ्यातल्या पोपटासारखे खिडकीच्या गजांना धरून खालच्या रस्त्यावरच्या लोकांना ओरडून वाटा सांगत होते. "ओ भाऊ! तिकडून नाही! पाण्याच्या टाकीपासून डावीकडं!" खालच्या माणसाला कुठंच जायचं नव्हतं, तो मोबाईलवर बोलत येरझारा घालत होता. विहीणबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अख्ख्या कॉलनीले वेड लावलं बाप्पा यांनी. मले तर वाटते पायाऐवजी तोंडालेच प्लास्टर लावाले पाहिजे होतं."

यावर उपाय म्हणून माझ्या जावयानं त्यांच्या हातात खेळ दिला.

हा खेळ म्हणजे टीव्हीला जोडायचं एक यंत्र आणि हातात धरायचं बटणांचं एक दुमुठी साधन. जावई त्याला कंट्रोलर म्हणतो, व्याहीबुवांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव 'स्टेअरिंग' ठेवलं. टीव्हीत एक मोठंच्या मोठं राज्य आहे. डोंगर, नद्या, गावं, बाजार, सगळं खरंखुरं वाटणारं. त्या राज्यावर एक ड्रॅगन आग ओकत फिरतो, राजा किल्ल्यात अडकला आहे आणि तलवार पाठीला बांधलेला एक तरुण योद्धा त्याला सोडवायला निघाला आहे. तो योद्धा म्हणजे खेळणारा, म्हणजे आपण. माझ्या जावयानं दोन हिवाळे जागून या योद्ध्याला वाढवलं होतं. त्या राज्यात एकमेव असलेली निळी तलवार त्यानं मिळवली होती आणि ड्रॅगनच्या गुहेच्या दारापर्यंत तो पोचला होता. मग ऑफिसात बढती मिळाली, वेळ मिळेना आणि योद्धा दारातच उभा राहिला. "बाबा, इथंच आसपास फिरा," जावयानं बजावलं, "फक्त दाराच्या आत जाऊ नका. तो ड्रॅगन मी मारीन."

"मले काय करायचं आहे त्या घोरपडीशी?" व्याहीबुवा म्हणाले, आणि योद्ध्याची पाठ फिरवून त्यांनी त्याला डोंगर उतरायला लावला.

त्यांचं खेळणं बघणं हा एक सोहळा होता. शेजारी घोडा उभा असताना ते पायी निघाले, कारण "त्याच्या चाऱ्यापाण्याचं कोण पाहील?" कुणाच्या झोपडीत शिरण्याआधी ते बटण शोधून तलवार अंगणात काढून ठेवत. "लोकाच्या घरात कोणी हत्यार घेऊन जातेत का? बाया-लेकरं असतेत." गाव आलं की स्वतःशीच पुकारत, "चला, पूल आला, पूलवाले!" त्या राज्यातल्या सगळ्यांना ते 'जी' लावून बोलत, दरोडेखोरांनासुद्धा. लढाई मात्र त्यांनी एकदाही केली नाही. जंगलात चोर आडवे आले की नदीत उडी टाकायची आणि चोर कंटाळून जाईपर्यंत पाण्यात बसून राहायचं, हा त्यांचा एकच डाव. संध्याकाळी जावई ऑफिसातून आल्यावर पहिला प्रश्न विचारायचा, "आज कुठं आहे?" आणि माझी मुलगी उत्तर द्यायची, "पाण्यात."

पात्रांचं बोलणं खेळात इंग्रजीत होतं आणि त्याच्या ओळी पडद्याच्या तळाशी उमटत. व्याहीबुवा डोळे बारीक करून म्हणत, "अक्षर लहान आहे, तू वाच वं माय." माझी मुलगी घरूनच ऑफिसचं काम करते. दुपारच्या चहाला ती लॅपटॉप मिटून सासऱ्यांच्या शेजारी बसायची आणि ते सगळं वाचून त्यांना आपल्या भाषेत सांगायची. तिच्या तोंडून त्या राज्यातले सरदार, पुरोहित, सराईवाले अस्सल नागपुरी बोलत. एका सरदारानं व्याहीबुवांना "काहून आला बे इथं?" असं विचारलेलं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे.

असेच चालता चालता ते एका नदीवर पोचले. काठावर एक म्हातारा नावाडी बसला होता. त्यानं हात वर केला. आता तो हात नाव सोडणार नाही असं सांगायला होता, की खेळ बनवणाऱ्यांनी सहज हलता ठेवला होता, कोण जाणे. पण व्याहीबुवांनी आयुष्यात हात दाखवणाऱ्याला सोडून कधी गाडी पुढे नेली नव्हती. योद्धा थांबला. माझ्या मुलीनं वाचून सांगितलं, की याची एकुलती एक लेक डोंगरापलीकडच्या गावी दिली आहे. बरीच वर्षं झाली, तिची काही खबर नाही. तिच्या आईनं मरण्याआधी तिच्यासाठी एक शाल विणली होती. ती तेवढी तिच्यापर्यंत पोचवाल का?

"आण," व्याहीबुवा म्हणाले. शाल योद्ध्याच्या झोळीत आली. ती पडद्यावर मोठी करून त्यांनी निरखून पाहिली आणि नापसंतीनं मान हलवली. "पावरलूमचा माल आहे. पण जाऊ द्या, माय गेली बिचारीची."

जावयानं रात्री जेवताना समजावलं, की बाबा, हे उगाच जोडलेलं किरकोळ काम आहे. खेळात अशी शेकडो कामं असतात, कुणी करत नाही. मुख्य काम राजाला सोडवायचं आहे. व्याहीबुवांनी भाकरीचा घास वाटीत बुडवून शांतपणे सांगितलं, "राजाचं पाहायले लय लोक आहेत. याचं कोण पाहील?"

तेव्हापासून आमच्या दोन्ही घरांचा उन्हाळा त्या नावाड्याच्या लेकीमागे धावायला लागला. मी टरबुजाच्या निमित्तानं गेलो होतो, तो रोजच जायला लागलो. बायको म्हणाली, लोक काय म्हणतील? मी म्हणालो, व्याही आजारी आहेत. कूलरसमोर खसाच्या वासात आम्ही चौघं ओळीनं बसायचो आणि बाहेर नागपूर भट्टीसारखं तापलेलं असताना टीव्हीतल्या बर्फात चालायचो. लेक दिलेल्या गावी पोचलो तर तिची सासू दाराआडून बोलेना. इथे खेळात दोन पर्याय असतात, धमकी द्या नाहीतर लाच द्या. व्याहीबुवांना दोन्हींचा इतका राग आला की त्यांनी स्टेअरिंग खालीच ठेवलं. "पोरीच्या सासूले धमकी? मुलीकडून आलेला माणूस आहो ना आपण! नरमाईनं घ्या लागते." मग ते अंगणात जायचे, पुन्हा आत यायचे, वाकून नमस्कारासारखी काहीतरी हालचाल करायचे, पुन्हा बाहेर जायचे. विहीणबाई म्हणाल्या, "मले पाहायले आले तवा पण असेच करून राहिले होते. माह्या बाबाले वाटलं पोराले पोटाचा त्रास आहे." कशामुळे कोण जाणे, पण सातव्या की आठव्या खेपेला सासू बोलली. लेकीच्या नवऱ्याच्या कामासाठी ते दोघं बंदराच्या गावी गेले होते.

बंदरावर कळलं की ते मिठागरावर गेले. मिठागरावर कळलं की नवरा आजारी पडला आणि कुणीतरी सांगितलं म्हणून ती त्याला घेऊन बर्फाच्या डोंगरावरच्या गावात गेली, तिथे गरम पाण्याचे झरे आहेत. दर ठिकाणी पत्ता सांगणाऱ्याचं स्वतःचं एक काम असायचं. कुणाचं बदक हरवलेलं, कुणाची शिडी तुटलेली. व्याहीबुवा सगळं करत. तिकडे आकाश लाल व्हायचं, ड्रॅगनच्या आगीत दूरचे बुरूज पेटलेले दिसायचे आणि इकडे आमचा योद्धा, राज्याची एकमेव आशा, चिखलात बदकामागे धावत असायचा. मी कधीतरी म्हणालो, "व्याहीबुवा, हिचा माग लागेलसं दिसत नाही." ते पडद्यावरून नजर न काढता म्हणाले, "लागते ना. संसार घेऊन चाललेल्या बाईले कोणीतरी पाहिलेलंच असते."

बर्फाच्या डोंगराआधी एक खोल दरी होती. दरीवरून जायला साखळीला टांगलेला लाकडी पाळणा, आणि साखळी तुटलेली. काठावरचा लोहार म्हणाला, साधं लोखंड या थंडीत टिकत नाही, अस्सल पोलाद आणा, एका दिवसात जोडून देतो.

पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल. आमच्या लक्षात यायच्या आत मात्र त्यांनी बटण दाबलं होतं.

जावई संध्याकाळी आला, पाणी प्यायला आणि सहज टीव्हीकडे बघून जागच्या जागी थिजला.

"बाबा, तलवार कुठी आहे?"

"कोणती?"

"पाठीवरची! निळी!"

"ते होय. दिली."

"दिली? कोणाले?"

"लोहाराले. पाळण्याची साखळी तुटली होती. पाह्य ना, काय मजबूत जोडली त्यानं."

माझ्या मुलीनं डोळे मिटून घेतले. जावई एरवी आवाज न चढवणारा माणूस. "दोन हिवाळे!" तो ओरडला. "दोन हिवाळे घालवले मी त्या तलवारीसाठी! तिच्याशिवाय ड्रॅगन मरत नाही, बाबा! अन् तुम्ही... पाळण्याले!" आणि मग, तलवारीशी ज्याचा काही संबंध नव्हता असं काहीतरी त्याच्या तोंडून बाहेर पडलं. "तुमचं नेहमीचंच आहे हे. दुसऱ्यांना पोचवता पोचवता घरच्याचं काय होते ते पाहतच नाही. माह्या शाळेच्या गॅदरिंगले मी नाटकात होतो. तुम्ही येतो म्हणाले होते. पडदा पडला तरी दाराकडं पाहून राहिलो होतो मी. कोणाले तरी पोचवायलेच गेले होते ना तुम्ही?"

व्याहीबुवांनी स्टेअरिंग हळूच टीपॉयवर ठेवलं आणि प्लास्टरवरची धूळ झटकत बसले. मी चपला घातल्या. अशा वेळी मुलीच्या बापानं तिथे असू नये.

त्यानंतर खेळ बंद पडला. व्याहीबुवा दिवसभर बातम्या लावून बसत आणि ऐकत काहीच नसत. खिडकीतून वाटा सांगणंही थांबलं, तेव्हा विहीणबाईंना खरी काळजी वाटली. प्लास्टर कापायचा दिवस जवळ आला होता, तो झाला की उमरेडला परतायचं होतं. मुलीचा मला फोन आला, "बाबा, या ना तुम्ही. दोघंही बोलून नाही राहिले एकमेकांशी." मी गेलो. माझ्याकडून जी मध्यस्थी झाली तिचं वर्णन न केलेलं बरं. व्याही या नात्यात माणसाला जेवढी वाक्यं बोलता येतात, ती सगळी "आपण मोठे आहात" पासून सुरू होतात आणि "आता चहा घेऊ" इथे संपतात. मी दोन्ही बोललो. चहा झाला.

तोड काढली ती विहीणबाईंनी. त्या उन्हाळाभर या खेळाला 'भैताडपणा', म्हणजे निव्वळ वेडेपणा, म्हणत आल्या होत्या. जावई हॉलमध्येच बूट काढत असताना त्या नवऱ्यापुढे उभ्या राहिल्या. "काय हो, त्या लोकाच्या पोरीची शाल तशीच झोळीत ठेवून गावाले चालले का तुम्ही?"

"राहू दे ना वं आता."

"राहू दे कशी? मेलेल्या माउलीचा जिन्नस आहे. घेतला काहून होता मग?"

जावयानं दुसरा बूट पायात तसाच ठेवला. मग उठला, टीव्ही लावला, यंत्र सुरू केलं आणि वडिलांच्या शेजारी दिवाणावर येऊन टेकला.

"पाळण्याच्या पलीकडं लांडगे आहेत," तो म्हणाला. "तिथं नदीबिदी नाही लपायले. लांडगे मी पाहतो. तुम्ही रस्ता सांगा."

"तलवार नाही ना पण."

"लाकडं फोडायची कुऱ्हाड आहे. होते त्यानं."

तसे ते निघाले. स्टेअरिंग मुलाच्या हातात, बोट बापाचं. लांडगे आले, जावयानं कुऱ्हाडीनं हाकलले. व्याहीबुवा प्रत्येक लांडग्याला "हाड! हाड!" करत होते. बर्फाचं वादळ उठलं, दिसेनासं झालं. त्या पांढऱ्या अंधारात व्याहीबुवा एकदम म्हणाले, "तुह्या गॅदरिंगच्या दिवशी एक बाई होती शेवटच्या फेरीले. लेकरू तापानं फणफणलं होतं..."

"राहू द्या, बाबा."

"पाचगावले उतरली, अंधार, कोणी नाही घ्यायले आलेलं..."

"राहू द्या म्हटलं ना." जावयानं योद्ध्याला वादळातून पुढे काढलं. मग म्हणाला, "इथून उजवीकडं का?"

"उजवीकडं."

नावाड्याची लेक सापडली. झऱ्याकाठच्या एका घरामागे ती दोरीवर कपडे वाळत घालत होती. नवरा ओट्यावर बसलेला, बराच सुधारलेला दिसत होता. योद्ध्यानं शाल दिली. तिनं ती दोन्ही हातांत घेतली आणि काहीच बोलली नाही. खेळ बनवणाऱ्याला एवढं तरी कळत होतं. मग आत जाऊन तिनं सूपचा एक वाडगा आणून दिला आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत 'काम पूर्ण' झळकलं. जावई हसत सुटला. "एवढ्यासाठी! बाबा, राज्यातली सगळ्यात भारी तलवार देऊन काय मिळालं, सूप!"

"गरम आहे ना पण," व्याहीबुवा म्हणाले. मग स्टेअरिंग त्याच्या हातातून काढून घेतलं आणि योद्ध्याला माघारी वळवलं.

"आता कुठी?"

"सांगायले."

"बाबा, संपलं ते. पूर्ण असं आलं ना वर. पुढं काही नाही आहे त्याच्यात."

"हो, पण त्याले कसं माहीत पडन?"

आणि ते पुन्हा दरी, मिठागर, बंदर करत उलटे निघाले. त्यांना दोनतीन दुपारी लागल्या. जावयानं शनिवारी मुद्दाम घरीच थांबून लांडग्यांचं काम पाहिलं. प्लास्टर कापण्याच्या आदल्या दुपारी योद्धा नदीवर पोचला. आम्ही सगळे तिथेच होतो. नावाडी होता तिथेच बसला होता. व्याहीबुवांनी योद्ध्याला त्याच्या शेजारी बसवलं, घसा साफ केला आणि बोलायला सुरुवात केली. टीव्हीकडे बघून, अगदी शेजारच्या माणसाशी बोलावं तसं. पोरीचं घर कसं आहे, दार पूर्वेला आहे, दारात गरम पाणी आहे, जावयाची तब्येत सुधारली आहे. त्यांनी बटण दाबलं आणि नावाड्याची ओळ पडद्यावर उमटली. मला इंग्रजी वाचता येतं. माझं आयुष्य विम्याच्या कचेरीत गेलं. ओळ एवढीच होती, 'आज नदीला ओढ आहे. नाव सोडणार नाही.' येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तो हेच सांगत असणार. त्याला लेक आहे हेसुद्धा खेळ आता विसरला होता.

"काय म्हणते वं?" व्याहीबुवांनी विचारलं.

माझ्या मुलीनं ती ओळ वाचली. मग पुन्हा वाचली. जावयानं तिच्याकडे पाहिलं, पण तिनं मान वळवली नाही.

"विचारून राहिले, मामाजी," ती म्हणाली, "की पोरगी वाळली तर नाही ना?"

"नाही जी नाही," व्याहीबुवा घाईनं म्हणाले. "अंगानं भरली आहे चांगली." पुन्हा बटण. पुन्हा तीच ओळ, नदीला ओढ आहे.

"म्हणतेत, शाल आवडली का तिले?"

"लगेच छातीशी धरली ना."

पुन्हा नदी. या वेळी माझ्या मुलीला जरा वेळ लागला. "म्हणतेत... माझी आठवण काढते का कधी?"

मी कूलरकडे बघायला लागलो. त्यात पाणी पुरेसं होतं.

"काढते," व्याहीबुवा हळू आवाजात म्हणाले. "रोज काढते. पण पोरी सांगत नसतेत जी. बापालाच समजून घ्या लागते." मग त्यांनी स्टेअरिंग मांडीवर ठेवलं आणि आणखी काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी प्लास्टर निघालं आणि त्या आठवड्यात ते दोघं उमरेडला गेले. त्यांना ती बारीक अक्षरं खरंच दिसत नव्हती का, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही. कधीतरी विचारायला जाईन म्हणतो, मग वाटतं, राहू द्यावं. जावयानं ड्रॅगन मारायचा म्हणून अगदी पहिल्यापासून दुसरा डाव मांडला आहे आणि नव्या तलवारीच्या मागे आहे. जुना डाव त्यानं पुसला नाही. अधूनमधून दुपारी गेलो की माझी मुलगी तो लावून ठेवते. खेळत काहीच नाही, शेजारी तिचं ऑफिसचं काम चालू असतं. राजा तिकडे किल्ल्यात वाट बघत असतो आणि इकडे योद्धा आणि नावाडी नदीकाठी बसलेले असतात. मी चहा होईपर्यंत त्यांच्यासोबत बसतो.